कोरियन विद्वानांची शाईचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर एक काळा दगड, शाईची कांडी आणि खाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली असतात. घरी आलेला माणूस ते बघून काहीतरी विचारतोच. कोरियन मालिका पाहून कुतूहल जागं झालेली भाचरं एक विचारतात, चित्रकलेच्या शिक्षिका असलेली मैत्रीण दुसरंच. तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली.

‘मुनिन्ह्वा’ म्हणजे नेमकं काय?

मुनिन म्हणजे लिहिण्यावाचण्यात आयुष्य घालवणारा माणूस आणि ह्वा म्हणजे चित्र. जोसॉन राजवटीत (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर वाढलेला, परीक्षा देऊन सरकारी पद मिळवणारा किंवा पद नाकारून गावी राहणारा विद्वान वर्ग होता. अशा विद्वानाला ‘सॉन्बी’ म्हणत. सकाळी ज्या कुंचल्याने पत्र लिहायचं, त्याच कुंचल्याने आणि उरलेल्या त्याच शाईने दुपारी बांबू काढायचा, असा हा प्रकार.

ही चित्रं बाजारासाठी काढलेली नसायची. ती मित्राला दिली जायची, गुरूला पाठवली जायची, दूर गेलेल्या माणसाच्या हाती पडायची. माझ्या लेखी ती पत्रंच आहेत. कुणी, कुणाला, कुठून आणि कशा दिवसांत पाठवलं हे कळलं नाही, तर चित्र अर्धंच दिसतं.

ही चित्रं कोरियाच्या नोटांवर आहेत म्हणे, खरं का?

खरं आहे, आणि ओळख करून घ्यायला नोटा ही उत्तम जागा आहे. २००९ साली आलेली पन्नास हजार वॉनची नोट मागून बघा. ही बाजू उभी धरायची. पुढे दिसते ती ऑ मोंग-न्योंगने काढलेली मेह्वा, एक फुलझाड: फुलांची सरळ वर गेलेली फांदी आणि टोकाशी चंद्र. तिच्यामागे फिकट छटेत वाऱ्याने वाकलेला बांबू आहे, तो ई जॉंगचा. हजार वॉनच्या नोटेच्या पुढच्या बाजूला तत्त्वज्ञ ई ह्वांग आहेत आणि मागे जॉंग सॉनने १७४६ मध्ये काढलेलं निसर्गचित्र. त्यात डोंगर, ओढा आणि एक छोटं घर दिसतं. घरात एक विद्वान बसलेला आहे. तो इतका बारीक आहे की भिंग घेऊन शोधावा लागतो.

हे लोक चित्रकार होते की विद्वान?

यावर ते स्वतःच आयुष्यभर अडखळले. दरबारात चित्रकारांचं वेगळं खातं होतं, ‘दोह्वासॉ’. तिथले पगारी चित्रकार राजांची व्यक्तिचित्रं काढायचे, समारंभांच्या नोंदी रंगवायचे. त्यांचा हात अफाट तयार असे, पण समाजात त्यांची पायरी विद्वानांच्या खालची. त्यामुळे सॉन्बीला ‘हा चांगला चित्रकार आहे’ असं म्हणणं म्हणजे कौतुकाच्या आडून त्याला खाली ओढणं.

पंधराव्या शतकातला कांग ही-आन (१४१७–१४६४) बघा. त्याच्या नावावर असलेल्या एका छोट्या चित्रात एक विद्वान खडकावर रेलून, दुमडलेल्या हातांवर हनुवटी टेकवून खाली पाण्याकडे बघत बसलाय. कागद जेमतेम २३.४ बाय १५.७ सेंटिमीटर, वहीच्या पानाएवढा. इतकी निवांत आकृती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि हा माणूस मुलांना सांगायचा की चित्रं काढणं हे हलकं कसब आहे, पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचलं तर नावाला बट्टाच लागेल!

अठराव्या शतकातल्या कांग से-ह्वांगची (१७१३–१७९१) गोष्ट तर चटका लावते. १७६३ मध्ये राजा योंगजोसमोर त्याच्या चित्रांची तारीफ झाली. राजा म्हणाला, लोकांची मनं चांगली नाहीत, हलकं कसब म्हणून कुणी त्याला हिणवेल, तेव्हा तो चांगली चित्रं काढतो हे पुन्हा बोलू नका. राजाने हे काळजीपोटी सांगितलं होतं. कांग से-ह्वांगला ते ऐकून रडू कोसळलं. त्याने कुंचले जाळले आणि जवळपास वीस वर्षं चित्रापासून लांब राहिला. पुढे १७८२ मध्ये त्याने स्वतःचं व्यक्तिचित्र काढलं: डोक्यावर अधिकाऱ्याची काळी टोपी, अंगात मात्र घरातला साधा झगा. दरबारी पोशाखात ही जोडी कधीच बसत नाही. वर त्यानेच लिहून ठेवलंय की मन डोंगररानात आहे आणि नाव दरबाराच्या वहीत. या चित्राइतकं सॉन्बीचं दुखणं मला कुठल्या ग्रंथातून कळलं नाही.

ही कला मूळची चीनचीच ना?

हो. सोंग काळातले कवी-अधिकारी सू शी (१०३७–११०१) आणि त्यांचं मित्रमंडळ यांच्यापासून ही विचारसरणी आली, पुढे चित्रं कशी काढावीत याची छापील पुस्तकंही चीनमधून कोरियात गेली. पण जॉंग सॉन (१६७६–१७५९) पुस्तकातले चिनी डोंगर सोडून आपल्या डोळ्यांसमोरचे डोंगर काढू लागला. सोलमधला इन्वांग डोंगर पाऊस थांबल्यावर ओल्या कातळांनी कसा जड आणि काळा दिसतो, ते त्याने १७५१ मध्ये पंच्याहत्तरीच्या वयात काढलं. कातळावर शाईचे थर वरून खाली पुन्हा पुन्हा ओढलेत आणि पायथ्याशी धुकं म्हणून कागद कोरा सोडलाय. त्याचा जन्मभराचा मित्र, कवी ई ब्यॉंग-यॉन त्याच दिवसांत मरणपंथाला लागला होता. डोंगराच्या पायथ्याशी झाडांत दिसणारं घर त्या मित्राचं, असं अनेक अभ्यासक मानतात. चित्र बघताना माझी नजर कातळावरून सुटून त्या घराशीच येऊन थांबते.

सगळे त्याच चार वनस्पती का काढतात?

मेह्वा, ऑर्किड, शेवंती आणि बांबू या चौघांना मिळून ‘सागुन्जा’ म्हणजे चार सज्जन म्हणतात. मेह्वा हे आलुबुखारच्या जातीचं झाड, बर्फ वितळायच्या आत फुलतं. ऑर्किड म्हणजे फुलवाल्याकडची जांभळी नव्हेत, ही गवतासारख्या लांब पात्यांची, लपून फुलणारी आणि मंद वासाची. शेवंती दहिवर पडायला लागल्यावर फुलते. बांबू हिवाळ्यातही हिरवा राहतो, वाकतो पण मोडत नाही. ऋतूंचं चक्र पुरं होतं आणि सज्जन माणसाच्या चार तऱ्हाही.

ही केवळ पुस्तकी प्रतीकं नव्हती. नोटेवरच्या ई ह्वांगनी मेह्वावर ढिगाने कविता केल्या आणि अखेरच्या दिवशी काय सांगितलं, तर कुंडीतल्या मेह्वाला पाणी घाला.

बांबूसाठी ई जॉंग (१५५४–१६२६). राजा सेजोंगच्या वंशातला. १५९२ मध्ये जपानी फौजा कोरियात उतरल्या, त्या युद्धात तलवारीच्या वाराने त्याचा उजवा हात जवळजवळ तुटला होता. हात बरा झाला आणि १५९४ मध्ये त्याने काळ्या रंगवलेल्या रेशमावर सोन्याच्या शाईने बांबू, मेह्वा आणि ऑर्किडचा आल्बम केला. तो आज सोलच्या कानसोंग कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. देश जळत असताना, नुकत्या भरलेल्या हाताने, चूक पुसता न येणाऱ्या सोन्याने! त्या पात्यांची टोकं बघा, एकही लटपटलेली नाही.

रंग का वापरत नाहीत?

थोडे वापरतात, फिकट निळा, फिकट तांबूस. पण शाईतच पाच-सहा छटा निघतात. मुरलेली दाट शाई, मध्यम, पाण्यासारखी फिकी, सुकत आलेल्या कुंचल्याची खरखरीत. एकाच कुंचल्याच्या पोटात फिकी आणि टोकाला दाट शाई घेतली की एका फटकाऱ्यात बांबूचं गोल पेर उभं राहतं. सवय झाली की काळा हा एक रंग वाटेनासा होतो.

इतकी रिकामी जागा सोडलेली असते, चित्र अपुरं आहे का?

त्या जागेला ‘यॉबेक’ म्हणतात. जॉंग सॉनच्या डोंगरातलं धुकं, ई जॉंगच्या बांबूमधला वारा, हे सगळं तिथेच आहे. ती जागा हाताने झाकून उरलेलं चित्र बघा, लगेच कळेल.

एकच चित्र बघायचं तर कोणतं?

‘सेहान्दो’. याबद्दल मला थोडक्यात बोलता येत नाही.

किम जॉंग-ही (१७८६–१८५६), टोपणनाव चूसा, हा त्याच्या काळातला बिनीचा विद्वान आणि सुलेखनकार. १८४० मध्ये राजकारणात तो सापडला आणि दक्षिणेच्या जेजू बेटावर हद्दपार झाला. शिक्षा साधी नव्हती. घराभोवती काटेरी झाडांचं कुंपण, बाहेर पडायची बंदी. तिथे असतानाच बायको गेली. ती बातमी उशिरा पोचली आणि मधल्या दिवसांत तो तिला पत्रं लिहीतच होता. मित्र म्हणवणारे एकेक करून गप्प झाले.

एक माणूस मात्र तसाच राहिला. ई सांग-जॉक, त्याचा शिष्य, पेशाने चिनी भाषेचा दुभाषा. कामानिमित्त बीजिंगला जायचा. तिथे मिळणारे दुर्मीळ ग्रंथ विकत घ्यायचा, सोलला आणायचा आणि समुद्र ओलांडून जेजूला धाडायचा. त्यातला एक संच तर १२० खंडांचा होता. हेच ग्रंथ एखाद्या वजनदार अधिकाऱ्याच्या दारी नेले असते तर बढती मिळाली असती. त्याने ते सत्ता गेलेल्या, कुणालाच उपयोगी नसलेल्या माणसाला दिले.

१८४४ मध्ये किम जॉंग-हीने त्याच्यासाठी हे चित्र काढलं. नाव कन्फ्यूशियसच्या एका वचनावरून: थंडी पडल्यावरच कळतं की पाइन आणि सायप्रस शेवटपर्यंत हिरवे राहतात. चित्राचा भाग सुमारे ७० सेंटिमीटर लांब, कागदही अखंड नाही, तुकडे जोडलेला.

आता जवळून बघू. मध्ये एक घर, चार-पाच सरळ रेघांचं, भिंतीत एक गोल खिडकी. घराचा कोन चुकलेला आहे: खिडकीच्या कडेची जाडी एका बाजूने दिसते आणि घर दुसऱ्या बाजूने. वास्तुरचना शिकणाऱ्या मुलाने काढलं तर मार्क जातील. घराच्या उजवीकडे एक जुनाट पाइन, खोड पोखरलेलं, पण एक लांब फांदी अजून हिरवी. शेजारी एक सरळ, तरुण झाड. डावीकडे आणखी दोन झाडं. माणूस नाही. बर्फही काढलेला नाही, तरी अंगावर गारठा येतो, कारण कुंचला जवळजवळ कोरडा आहे आणि प्रत्येक रेघ कागदावर घासत गेलीय.

वर चित्राचं नाव, आणि ‘उसॉन, हे बघ’ अशा अर्थाचे शब्द. उसॉन हे शिष्याचं टोपणनाव. डावीकडे चौकटी आखून लिहिलेलं पत्र: जग सत्तेच्या आणि फायद्याच्या मागे धावतं, तू मात्र तसाच राहिलास. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक छोटा लाल शिक्का आहे, त्यावरच्या चार अक्षरांचा अर्थ ‘एकमेकांना दीर्घकाळ विसरू नये’. मला चित्रापेक्षा तो शिक्का जास्त हलवतो.

ई सांग-जॉक ते चित्र घेऊन बीजिंगला गेला. तिथल्या सोळा विद्वानांनी ते पाहून आपापले अभिप्राय लिहून दिले. ते कागद आणि पुढच्या काळातली लेखनं जोडत जोडत आज सगळी गुंडाळी चौदा मीटरहून लांब झाली आहे. विसाव्या शतकात ते एका जपानी अभ्यासकाच्या, फुजित्सुका चिकाशीच्या संग्रहात गेलं. १९४४ मध्ये टोकियोवर बॉम्ब पडण्याच्या दिवसांत सोन जे-ह्यॉंग हा कोरियन सुलेखनकार तिथे गेला, दिवसामागून दिवस आजारी फुजित्सुकाच्या दारात जाऊन विनवण्या केल्या आणि शेवटी एक पैसाही न घेता चित्र त्याच्या हवाली झालं. काही महिन्यांत, १९४५ च्या मार्चमध्ये, फुजित्सुकाचा ग्रंथसंग्रह बॉम्बहल्ल्यात जळाला. २०२० मध्ये पुढच्या मालकाने, सोन चांग-गुन यांनी, ते कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकलं.

चित्रावर एवढं लिखाण आणि इतके शिक्के कशाला? चित्र खराब होत नाही का?

आपल्याला चित्रावर लिहिलेलं बघायची सवय नाही म्हणून तसं वाटतं. कविता, चित्र आणि अक्षर ही त्यांच्या मते एकाच हाताची तीन कामं. काही शिक्के चित्रकाराचे असतात, त्याच्या टोपणनावांचे. किम जॉंग-हीची टोपणनावं शंभराच्या वर आहेत, त्यामुळे शिक्केही भरपूर. बाकीचे संग्राहकांचे. म्हणजे चित्र कुणाकुणाच्या घरी राहून आलं त्याची ती नोंद.

स्त्रिया चित्रं काढायच्या का?

काढायच्या, पण नावानिशी फार थोड्या टिकल्या. शिन साइमदांग (१५०४–१५५१) ही सगळ्यात प्रसिद्ध, पन्नास हजारच्या नोटेवर पुढे तीच आहे. तिची म्हणून सांगितली जाणारी चित्रं द्राक्षांची, आणि परसातली: कलिंगड, वांगी, फुलपाखरं, टोळ. यातली नक्की तिच्या हातची किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तिच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून नेहमी तिचा विद्वान मुलगा पुढे केला जातो, ते मला खटकतं. परसातला टोळ इतक्या आस्थेने बघणारी नजर तिची स्वतःची होती.

साहित्य काय लागतं?

कागद, कुंचला, शाई, शाईचा दगड. या चौघांना अभ्यासिकेचे चार मित्र म्हणतात.

कागद ‘हान्जी’, तुतीच्या कुळातल्या ‘दाक’ झाडाच्या सालीचा. धागे लांब असल्यामुळे चिवट. शाईची कांडी म्हणजे काजळी आणि सरस. पाइन जाळून धरलेल्या काजळीची शाई निळसर छटेची, तेलाच्या काजळीची जरा उबदार. दगडाला ‘ब्यॉरू’ म्हणतात, बोर्‍यॉंगजवळच्या नाम्पोचा काळा दगड नावाजलेला. कुंचले शेळीच्या मऊ केसांचे किंवा मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझलच्या शेपटीचे, जरा ताठ.

शाई उगाळणं आपल्याला शिकवावं लागत नाही. सहाणेवर गंध उगाळतो तसंच: थोडंसं पाणी, कांडी उभी, हात सैल, गोल गोल, घाई नाही. जोर लावला की शाई दाणेदार होते. पाणी तेलासारखं जड झालं आणि कांडीमागे वाट उमटून राहायला लागली की झालं. पंधरा-वीस मिनिटं जातात. बाटलीतली तयार शाई सरावाला चालते, पण या वीस मिनिटांत श्वास खाली बसतो आणि पहिली रेघ सुधारते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

सुरुवात कुठून करू?

ऑर्किडच्या एका पात्यापासून. वर्तमानपत्रावर. अक्षराचा सराव असेल तर कुंचला पटकन हातात बसतो.

मनगट टेबलावरून उचला, हालचाल खांद्यातून येऊ द्या. कुंचला उभा. डावीकडे खालून सुरू करून उजवीकडे वर जायचं. वाटेत कुंचला तीनदा दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे पातं रुंद-बारीक-रुंद होत जातं, वळल्यासारखं दिसतं. जुन्या पुस्तकांत याला छान नावं आहेत: सुरुवात खिळ्याच्या डोक्यासारखी, मधला फुगवटा खंडोबाच्या किड्याच्या पोटासारखा, शेवट उंदराच्या शेपटीसारखा. दुसरं पातं पहिल्याला छेदून जातं आणि मधे एक लांबट डोळा तयार होतो, त्याला फिनिक्सचा डोळा म्हणतात. तिसरं पातं त्या डोळ्यातून आरपार. झालं, तीन पात्यांचं ऑर्किड.

सोपं वाटतं ना? पहिल्या महिन्यात पातं तरी दोरीसारखं येतं नाहीतर मध्येच तुटतं. रेघ गिरवून दुरुस्त करायची नाही. कागद शाई लगेच पितो, गिरवलेलं लपत नाही. पुढची काढायची. किम जॉंग-हीने सत्तर वर्षांत दहा शाईचे दगड झिजवले आणि हजार कुंचले बोथट केले, असं त्यानेच एका मित्राला कळवलं होतं. त्याचा आणखी एक आग्रह होता: चित्रात अक्षरांचा सुगंध आणि पुस्तकांचा श्वास यायला हवा. म्हणून सरावाइतकंच वाचन. ऑर्किड काढायच्या आधी कविता वाचा, कुठल्याही भाषेतली.

जोसॉन संपल्यावर हे सगळं संपलं का?

नाही. मिन योंग-इक (१८६०–१९१४) हा राणीच्या माहेरचा, मोठमोठी पदं भूषवलेला. शेवटची वर्षं शांघायमध्ये परागंदा होऊन काढली आणि १९१० मध्ये कोरिया जपानने गिळला तेव्हाही तो तिथेच होता. त्याच्या एका चित्रात ऑर्किडची मुळं उघडी आहेत, खाली माती काढलेलीच नाही. चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी, देश परक्यांच्या हाती गेल्यावर, एका चित्रकाराने असंच केलं होतं, ते त्याला ठाऊक होतं.

दुसरा धागा नैर्ऋत्येच्या जिंदो बेटावरचा. हॉ र्‍यॉन (१८०८–१८९३) हा तिथला, किम जॉंग-हीचा शिष्य. गुरू हद्दपारीत असताना त्याने तीनदा समुद्र ओलांडून जेजू गाठलं. १८५६ मध्ये गुरू गेल्यावर तो गावी परतला आणि ‘उल्लिमसानबांग’ नावाची चित्रशाळा बांधली. त्या घराण्यात पाच पिढ्या चित्रकार झाले. ते घर आणि समोरचं तळं आजही बघता येतं.

कोरियाला जाणार आहे, कुठे बघायला मिळेल?

सोलमध्ये योंगसानचं राष्ट्रीय संग्रहालय. कायमस्वरूपी दालनं फुकट आहेत. चित्र आणि सुलेखनाच्या दालनात दर काही महिन्यांनी चित्रं बदलतात, कारण कागद आणि रेशीम उजेड सोसत नाहीत. ‘सेहान्दो’साठीच जात असाल तर ते लावलेलं आहे का हे आधी संकेतस्थळावर बघा. कानसोंगची प्रदर्शनं ठरावीक काळच असतात, तेही आधी तपासा.

आणि जेजूला गेलात तर नुसत्या समुद्रावरून परतू नका. बेटाच्या नैर्ऋत्येला देजॉंग आहे, किम जॉंग-हीला ठेवलं होतं ती वस्ती. त्याचं घर पुन्हा उभारलंय आणि शेजारी २०१० मध्ये छोटं संग्रहालय झालं. ते चित्रातल्या घरावर बेतलंय: साधं उतरतं छप्पर, कोऱ्या भिंती. इतकं साधं की गावकरी त्याला बटाट्याचं कोठार म्हणायचे. प्रदर्शन जमिनीखाली आहे. ते बघून वर आलात की बाहेरून भिंतीच्या वरच्या भागाकडे बघा, गोल खिडकी तिथे आहे. शेजारी पाइनची झाडं लावली आहेत.